सातवी कडी

लिफ्टमधल्या नोटिशीत चार ओळी होत्या आणि पाच चुका. नंदकुमार उकिडव्यांनी त्या तळमजल्यावरून नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत मोजल्या. पहिलाच शब्द ‘महीला’. गिरगावातल्या एका छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाला ऐरोलीच्या या सोसायटीत राहणं म्हणजे रोज खडे लागणारा भात खाण्यासारखं होतं. एकदा न राहवून त्यांनी अशाच एका नोटिशीवर लाल पेनाने दुरुस्त्या केल्या आणि कॅमेऱ्यात सापडले. सेक्रेटरी सुधीरने लगेच दुसरी नोटीस लावली : ‘सोसायटीच्या मालमत्तेचे विद्रुपीकरण करू नये.’ त्यातही ‘द्रु’ ऱ्हस्व. तेव्हापासून पेन खिशातच राहिलं. तुच्छता तेवढी चालू होती, मुकाट्याने, कुणाला त्रास न देता.

आज मात्र ते चुकांपाशी थांबले नाहीत. नोटिशीखाली एक फोटो होता. टॅटिंगचा, दोऱ्याच्या गाठींनी विणलेला पांढरा बदाम. शेजारी लिहिलं होतं : ‘गीतांजली हार्ट. संपूर्ण स्वतःची डिझाईन.’ बदामाचा उजवा खांदा किंचित वर चढलेला होता, त्या बाजूला जड पिशवी अडकवून चालणाऱ्या माणसासारखा.

नववा मजला आला, दार उघडलं, मिटलं, आणि लिफ्ट त्यांना घेऊन पुन्हा खाली निघाली. तो खांदा ओळखीचा होता. तो उकिडव्यांनीच चढवला होता.

बदाम सुमेधाचा. उकिडव्यांच्या बायकोने जन्मभर टॅटिंग केलं. रुमालांच्या कडा, झबल्यांचे गळे, दुधाच्या पातेल्यावरची जाळीची झाकणं. मुठीत मावणारं होडीसारखं शटल, बोटांवर ताणलेला दोरा, त्यावर एकेक गाठ. हव्या तेवढ्या गाठी झाल्या की दोरा ओढायचा, कडी बंद. शेवटच्या वर्षी तिला दिसेनासं झालं, तेव्हा ती चाचपत विणायची आणि आकडे मोठ्याने म्हणायची. उकिडवे लिहून घ्यायचे. हा नऊ कड्यांचा बदाम तिने असा अंधारातच रचला. चार कड्या डावीकडे, एक टोकाला, चार उजवीकडे. डावीकडे जे आकडे, तेच उजवीकडे उलट्या क्रमाने.

ती गेल्यावर त्यांनी तो नमुना टाईप केला आणि जगभरच्या विणणाऱ्या बायका जिथे आपापले नमुने फुकट ठेवतात अशा एका साईटवर चढवला. ‘रचनाकार’ या रकान्यापाशी ते दोन दिवस अडले. सुमेधाला आपलं नाव असं चारचौघांत मांडलेलं आवडलं असतं का? असा बदाम तिच्याआधी कुणी केलाच नसेल कशावरून? शेवटी त्यांनी ‘अनामिक’ लिहून टाकलं. महिनाभराने लक्षात आलं, की सातव्या कडीत पाच गाठींच्या जागी आपण सात टाईप केलंय. कडीचा नंबर डोळ्यांत राहिला आणि बोटांतून उतरला. नवशिक्या कंपोझिटरची चूक. असली चूक करणाऱ्यांना त्यांनी अडतीस वर्षं माणसांत धरलं नव्हतं. दुरुस्त करायला पुन्हा तिथे जायचं म्हणजे ती आपली म्हणून कबूल करायची. ते गेले नाहीत.

शनिवारी चार वाजता ते क्लबहाऊसमध्ये, नोटिशीतल्या त्या टॅटिंगच्या वर्गाला गेले. वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं : हा नमुना माझ्या पत्नीचा आहे. पाच शब्द. त्यात ‘पत्नी’ बरं की ‘बायको’, यावर लिफ्टमध्ये थोडा वेळ गेला.

आत पंधरासोळा बायका होत्या. एक स्वतःच्याच हातांचं शूटिंग करत होती आणि त्या नादात हातातलं शटल तिसऱ्यांदा खाली पाडत होती. एक दोऱ्याचा रंग पडद्याला जुळत नाही म्हणून खट्टू होती. मध्ये सेक्रेटरीची बायको गीतांजली. दोन महिन्यांपूर्वी ती सुगंधी मेणबत्त्यांची आर्टिस्ट होती, आता लेसची.

“या, या काका! लेडीज, आपल्याकडे जेन्टलमन पण आलेत. काय काका, वायफाय शोधत आलात?”

हशा झाला. “नुसता बसतो,” उकिडवे म्हणाले आणि मागच्या खुर्चीवर टेकले.

एक छापील कागद त्यांच्याही हातात आला. त्यांनी वाचला. स्वल्पविराम त्यांचेच होते. अर्धविरामसुद्धा. अख्ख्या ऐरोलीत अर्धविराम वापरणारा दुसरा माणूस त्यांना माहीत नव्हता. चोरी करायची तर निदान वाचून तरी करावी, ही त्यांची माफक अपेक्षा होती.

“आता इम्पॉर्टंट,” गीतांजली म्हणाली आणि कागदावरून वाचू लागली, “गाठ बोटावरच्या दोऱ्यावर उलटली पाहिजे; नाही उलटली तर कडी बंद होणार नाही, मग माझ्याकडे रडत येऊ नका!”

बायका खळखळून हसल्या. “काय बोलते ना ही! एकदम भारी!”

उकिडव्यांनी कागद मांडीवर ठेवला. ते सुमेधाचं वाक्य होतं. शेजारच्या मुली शिकायला आल्या की ती हेच म्हणायची. लिहून घेताना उकिडव्यांनी ते गाळलं नव्हतं, एवढंच.

“आणि गुड न्यूज,” गीतांजली पुढे म्हणाली. “आपली पन्नास हार्ट्स झाली की निळ्या मखमलीवर लावून लॉबीत फ्रेम! खाली पितळी पाटी, ‘गीतांजली हार्ट’. सुधीर आज संध्याकाळीच पाटी टाकतोय करायला.”

म्हणजे बोलायचं तर संध्याकाळच्या आत. एकदा पितळेत कोरलं की सुमेधाच्या बदामावर कायमचं हे नाव. तेही तळमजल्यावर, येता जाता, दिवसातून दोनदा. आणि बोलायचं तर पुरावा काय? नाव त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलेलं. उरला तो एक चुकीचा आकडा. ‘ही चूक माझी आहे, म्हणून बदाम माझ्या बायकोचा’ हे या लोकांसमोर म्हणायचं! ‘महीला’ लिहिणाऱ्यांसमोर! त्यांना स्वतःचीच कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला.

त्यांच्यापुढच्या खुर्चीवर उज्ज्वला होती. तिसऱ्या मजल्यावरची, मूळची साताऱ्याकडची, नवरा रबाळ्याच्या कारखान्यात. ती बोलत नव्हती, विणत होती. टोकाची पाचवी कडी झाल्यावर तिने कागद खाली ठेवला होता. सगळ्यांच्या आधी तिचा बदाम झाला. गीतांजलीने तो दोन बोटांत उचलला.

“उज्ज्वलाताई, तुमचं टेन्शन चुकतंय.”

“मला कसलं टेन्शन ओ?”

“दोऱ्याचं हो! खांदा वर आलाच नाही तुमचा. सातव्या कडीत सात घातले नाहीत ना?”

“पाचच घातले. सात घातलं की एकीकडनं उचलतंय. डावीकडं पाच हायेत, म्हणून इकडं बी पाच.”

“अहो, उचलायलाच पाहिजे! खरं हार्ट छातीत सरळ असतं का? तिरकं असतं. डीप आहे ते.”

“असं होय. मग परत करू?”

“करा. हा फ्रेममध्ये नाही चालणार.” तिने तो टेबलाच्या कोपऱ्यात सरकवला, पोह्यातली मिरची सरकवावी तसा.

उकिडव्यांना तो मागून दिसत होता. दोन्ही खांदे एका रेषेत. सुमेधाच्या उशीखालच्या रुमालावर होता तसाच. ती गेल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांनी तो बरोबर विणलेला पाहिला नव्हता, आणि तो आता कचऱ्याच्या वाटेवर होता.

ते उभे राहिले. खुर्ची करकरली. सोळा तोंडं वळली आणि पाठ केलेलं वाक्य साफ गेलं. तोंडातून आलं ते अडतीस वर्षांच्या सवयीचं :

“एक शंका होती. सातव्या कडीत सात गाठी. मुळात तसंच आहे का?”

“मुळात म्हणजे? मूळ मीच ना काका!”

“नाही, म्हणजे छापताना कुठे चूक...”

“माझ्या पॅटर्नमध्ये चूक?” गीतांजलीने बायकांकडे पाहून भुवया उंचावल्या. “काका, सात ही तर माझी सिग्नेचर आहे. त्या एका आकड्यावर मी तीन महिने काम केलंय.”

तीन महिने! उकिडव्यांना तो आकडा चुकवायला अर्धा सेकंद लागला होता.

छापखान्यात एक रीत होती. प्रूफवाल्याने समासात शंका काढायची. लेखकाने ‘आहे तसेच ठेवा’ लिहून खाली सही केली, की तिथून पुढे चूक लेखकाची. प्रूफवाला मोकळा. कितीतरी गर्विष्ठ लेखकांच्या सह्या त्यांनी अशा मनापासून जपून ठेवल्या होत्या.

“म्हणजे सात तुमचेच,” ते म्हणाले. “नक्की?”

“हंड्रेड पर्सेंट!”

“मग आहे तसंच ठेवा,” उकिडवे म्हणाले. “पाटीवर नाव ठळक घाला.”

“घालणारच!” टाळ्या पडल्या. काकांना कला कळते, असंही कुणीतरी म्हणालं.

निघताना ते उज्ज्वलापाशी थांबले. “हा टाकणार असाल तर मी नेऊ?”

“न्या की काका. चुकलेला हाय तो.”

“चुकलेला नाही.” हे त्यांच्या मानाने फारच मोठ्याने झालं. “या खोलीत तुमचाच तेवढा बरोबर आहे.”

उज्ज्वलाने शटल थांबवलं. “मग सांगा की मॅडमना.”

“विचारलं मी. त्यांनी सही केली.”

तिला काही कळलं नाही. पण दुसरा बदाम विणताना तिने गाठी मोजल्या आणि पाचवर दोरा ओढला, हे उकिडव्यांनी दारातून पाहिलं.

घरी येऊन त्यांनी साईट उघडली. साताचे पाच केले. उज्ज्वलाच्या बदामाचा फोटो लावला आणि खाली ‘विणकाम : उज्ज्वला’ असं लिहिलं. मग सुमेधाचं शटल काढून, स्वतःच्याच मजकुरावर विसंबून, सातवी कडी विणून पाहिली. तीन वेळा गाठ उलटली नाही. चौथ्यांदा कडी बंद झाली. चूक आपण केली होती, असं खाली लिहावं का? बोटं थोडा वेळ थांबली. पण ती आता त्यांची राहिली नव्हती. तिला हौशी मालकीण मिळाली होती. हा क्षुद्रपणा झाला, हे त्यांना कळत होतं, आणि चहा गोड लागत होता. ‘अनामिक’ खोडून त्यांनी ‘सुमेधा उकिडवे’ लिहिलं.

पंधरा दिवसांनी लॉबीत फ्रेम लागली. पाटीवर एकही चूक नव्हती, हे त्यांना थोडं लागलंच. वर निळ्या मखमलीवर एकोणपन्नास बदाम उजवा खांदा चढवून उभे होते. खालच्या ओळीत शेवटी एकच सरळ. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लिफ्टचं दार उघडलं. आत शिरता शिरता त्यांच्या मनात आलं, आपण ‘सु’ ऱ्हस्वच टाईप केला ना? वर गेल्यावर पुन्हा एकदा बघायला हवं.