विमानाचे वाटप

भारताच्या हवाई सामर्थ्याचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा मालवणच्या मेढ्यातील चिंदरकर बंधूंचा त्यात उल्लेख करावाच लागेल. लढाऊ विमानाची पंचांसमक्ष वाटणी करून ते अर्धे अर्धे घरी नेणारे गृहस्थ दुसरे कुठे झाल्याचे ऐकिवात नाही. विमान प्लॅस्टिकचे होते आणि वीतभर होते; पण वाटणीत वस्तूचा आकार पाहायचा नसतो.

आमच्याकडे वाटप या शब्दाचे दोन अर्थ. इस्टेटीचे होते ते एक. आणि माशाच्या आमटीसाठी ओले खोबरे नि मसाला पाट्यावर वाटतात ते दुसरे. चिंदरकरांकडे पहिले वाटप झाले त्या दिवशी दुसरे बंद पडले. पंचांचे प्रमुख नाना वायंगणकर यांना समसमान न्यायाचे व्यसन होते. त्यांनी आईचा पाटा थोरल्या जयरामला दिला आणि वरवंटा धाकट्या हरिश्चंद्राला. तेव्हापासून जयरामची बायको दुर्गा सकाळी आणि हरिश्चंद्राची बायको प्रेमलता दुपारी, शेजारच्या राधाबाईंच्या पाट्यावर वाटून आणीत. समोरासमोर आल्या तर दोघीही वाटपाचे भांडे पदराखाली झाकत, जणू त्यात घराण्याची अब्रू होती.

घराचा मधला भाग मधल्या भावाचा, बाळाचा. बाळा बोटीवर खलाशी. ना बायको, ना मूल. त्याच्या मोठ्या खोलीला कुलूप असे आणि त्या कुलपाकडे दोन्ही बाजूंनी एकेक डोळा लागलेला असे. नोकरी संपली की बाळा ज्याच्याकडे जेवेल, त्याच्याकडे ती खोली जाणार, हे उघड होते.

सदुसष्टच्या आषाढात बाळाच्या बोटीवरचा एक बांद्याचा गडी खोका घेऊन आला. झाकणावर एक चंदेरी जेट विमान एका हिरव्या विमानावर गोळ्या झाडत होते. आत प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले सुटे भाग, काही चंदेरी, काही हिरवे. तेच जोडून विमान करायचे. पाकिस्तानशी लढाई होऊन दोन वर्षेच झाली होती आणि गावात विमानाला मान होता.

"बाळान सांगल्यान आसा," गडी म्हणाला, "ह्यां दोघांक. आता तो नोकरी सोडता. चवथीक येतलो, इमान बघतलो आणि मगे ठरयतलो, खंय रवाचा ता."

चहासुद्धा न घेता तो निघून गेला. दोघा भावांपैकी चहा कोणी द्यायचा हे ठरेना.

दुसऱ्याच दिवशी पंच बसले. झाकणावर दोन विमाने आहेत हे सर्वांना दिसत होते. पण त्यातले एक शत्रूचे आणि शत्रूचे विमान कोणी विकत देणार नाही, यावर एकमत झाले. मग हिरवे भाग कसले? नानांनी एक तुकडा उजेडात धरला आणि निकाल दिला, "अस्तर."

"मी थोरलो," जयराम म्हणाला. "उजवी बाजू माझी."

"उजवी कोणाची? विमानाची की बघणाऱ्याची?" हरिश्चंद्राने विचारले. तो मामलेदार कचेरीत कारकून होता आणि पंचांपुढे शुद्ध बोलत असे.

"कचेरीतली भाषा कचेरीत ठेव, मेल्या."

"नाना, हे मेल्या म्हणतात. नोंद व्हावी."

घराच्या वाटणीत समुद्राकडे पाठ आणि पूर्वेकडे तोंड करून उजवे-डावे ठरले होते. तीच वहिवाट नानांनी खोक्याला लावली. खोका पूर्वाभिमुख ठेवला आणि उजवीकडचे सगळे पंख, शेपट्या नि पोटाचे तुकडे जयरामकडे गेले, डावीकडचे हरिश्चंद्राकडे. जोडणीचा कागद कात्रीने उभा कापला. गोंदाची नळी एकच होती. ती काही कापता येईना. म्हणून नळी थोरल्याला दिली आणि नळीचे टोपण धाकट्याला.

चार दिवसांत नळी वाळून दगड झाली. दुर्गा परड्यात उभी राहून भिंतीला उद्देशून म्हणाली, "टोपण दिल्यान असता तर काय जीव गेलो असतो?"

पलीकडून प्रेमलतेचा आवाज आला, "टोपण आमच्याकडेच रवांदे. कोणाच्या तोंडाक लावूक उपयोगी पडात."

"तुझ्या घोवाक लाव गो आधी! भावाचा अर्धा इमान खाल्ल्यान!"

मालवणीत विमानालाही इमान म्हणतात, त्यामुळे हे वाक्य पुढे कितीतरी दिवस दोन्ही अर्थांनी वापरता आले.

जयराम खचणारा नव्हता. तो मराठी शाळेत हस्तव्यवसाय शिकवत असे. त्याने फणसाचा चीक काढला आणि त्यावर विमान जोडले. फणसाचा चीक धरतो चांगला, पण वाळत नाही. जयरामच्या अर्ध्या विमानाने महिनाभरात असंख्य माशा, चिलटे आणि एक पाल पाडली. कामगिरी म्हणून पाहिले तर वाईट नव्हती.

हरिश्चंद्राला इंग्रजी येत असल्यामुळे त्याची अडचण वेगळी झाली. त्याच्या वाटच्या अर्ध्या कागदावर जागोजाग 'सिमेंट' लावण्याची सूचना होती; इंग्रजीत गोंदालाही सिमेंट म्हणतात, हे कचेरीतल्या इंग्रजीत नव्हते. त्या काळी सिमेंट परवान्यावर मिळे आणि परवान्याचे अर्ज त्याच्याच टेबलावर येत. त्याने अर्ज लिहिला, स्वतःच स्वीकारला आणि कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे 'विमानाचे बांधकाम' असे भरले. मामलेदारांनी 'विमानाचे' खोडून 'न्हाणीघराचे' केले आणि सही ठोकली. हरिश्चंद्राने एक गोणी आणली, विमान बांधले आणि उरलेल्यात खरोखरच न्हाणीघर केले. न्हाणीघर चांगले झाले. विमान दोनदा खुंटीसकट खाली आले.

अर्ध्या विमानाची एक बाजू सपाट असते, म्हणून दोघांनीही आपापला अर्धा भाग बाळाच्या खोलीलगतच्या भिंतीवर लावला. उजवे अंग एका घरात, डावे दुसऱ्या घरात. म्हणजे पाहू गेले तर विमान जोडलेलेच होते, फक्त त्याच्या पोटात एक खोली आली होती. कुलूप लावलेली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाळा एस.टी.तून उतरला. दोन्ही घरांतून एकाच वेळी चहाचे कप बाहेर आले. बाळाने एकही घेतला नाही. तो आधी थोरल्याकडे गेला, मग धाकट्याकडे, मग पुन्हा थोरल्याकडे. मागून दोघे भाऊ, त्यांच्या मागे नाना. चंदेरी नाकामागे हिरवी शेपटी होती आणि हिरव्या पंखाला लागून चंदेरी पंख. चिकात पाल होती.

"दुसरा खंय?" बाळाने विचारले.

"अर्धा तेच्याकडे आसा. आता बघितलंस ना?" जयराम म्हणाला.

"अर्धा नाय रे. दुसरा इमान. दोन इमानां होती पेटीत. एक चंदेरी, एक हिरवा. येकेकाक येकेक."

नाना छपराकडे पाहू लागले.

"मगे हिरवा म्हणजे अस्तर नाय?" त्यांनी अखेर विचारले.

"मी त्याच दिवशी आक्षेप घेतला होता," हरिश्चंद्र म्हणाला.

"काय घेतलंस? टोपण घेतलंस!" जयराम ओरडला. "दोन असली तर चंदेरी माझा. मी थोरलो."

"वा! म्हणजे शत्रूचे आम्ही घ्यायचे?"

"घी ना. शोभता तुका."

"परत वाटप करा, नाना. आत्ताच्या आत्ता. परत पूर्वेकडे तोंड—"

"गप!" बाळा म्हणाला. इतका वेळ तो पालीकडे बघत होता. "आवशीचो पाटो एकाकडे, वरवंटो एकाकडे. ता मी बोटीर ऐकलंय तेव्हा हसलंय. आता हसाक येणा नाय. मी हयसर रवलो तर माकाय पूर्वेक तोंड करून उभो करतल्यात. तंगडी थोरल्याक, तंगडी धाकट्याक. आणि डोक्या?"

हा प्रश्न त्याने रागाने विचारला होता. नाना मात्र विचारात पडले.

ते पाहून बाळाने कुलूप काढले, आतली आपली ट्रंक उचलली आणि मोदकांना न थांबता बांद्याची गाडी धरली. खोका आणून देणाऱ्या तिथल्या दोस्ताला त्याने खोली लिहून दिली आणि स्वतः त्याच्याकडेच राहिला. विमानाबद्दल त्याने पुढे कधी विचारल्याचे कळले नाही. दोघा भावांनी मात्र त्याच्या जाण्याचा दोष समसमान वाटून न घेता, सबंधच्या सबंध एकमेकांना दिला.

खोलीत आता त्या दोस्ताने घातलेली इंजिनाची गिरण आहे. ती सुरू झाली की दोन्ही घरांच्या भिंती हलतात आणि हरिश्चंद्राचे विमान खाली येते. दुर्गा आणि प्रेमलता एकाच रांगेत उभ्या असतात. सुका मसाला दळून मिळतो. ओले वाटप मिळत नाही.