तांडेल मागे बसतो

आमचे बाबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. त्यामुळे मोटारसायकल आपल्याला उपजतच येते, असं त्यांचं ठाम मत होतं. मला येत नव्हती आणि मी ते कबूलही करत होते, तरी घरात अडाणी मीच.

मामाने जुनी गाडी दिली, तीही एकच. बाबांना ती जेटीवर मिरवायला हवी होती. मला पावसच्या लॅबमधली नोकरी टिकवायला हवी होती, कारण माझी एसटी रोज उशिरा पोचायची आणि साहेबांनी पुढच्या महिन्यापर्यंतचीच मुदत दिली होती. शेवटी मासे विकणाऱ्या आमच्या आईने निवाडा केला. रविवारी जो तिला टोपलीसकट भाट्याच्या वाळूवर न पाडता फिरवून आणेल, गाडी त्याची.

आठवडाभर ओहोटी बघून आम्ही दोघं घट्ट ओल्या वाळूवर शिकलो. माझी गाडी क्लच सोडला की बंद पडायची. बाबांची पडत नसे, पण भलतीकडे जायची. होडीत सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते, आणि बाबांच्या हातांना तेवढंच ठाऊक. समुद्राकडे वळतो म्हणायचे आणि सुरूच्या बनात शिरायचे. वर वारा आडवा होता म्हणून सांगायचे.

रविवारी पहिली पाळी त्यांची. बन चुकवायचंच, असं ठरवून त्यांनी मनाशी सगळं उलटं घोकलं आणि आईला घेऊन गाडी थेट पाण्यात घातली. घोटाभर पाण्यात आई बसली आणि बांगडे आपल्या घरी गेले.

"दिशा, मी आता कुणाच्याही मागे बसायची नाय," आई म्हणाली.

संपलं. बसायलाच कोणी नाही तर माझी फेरी कसली? मला रडू आलं, आणि मी रडले.

बाबांनी गाडी बाहेर ढकलत आणली, बऱ्याच किका मारून सुरू केली, रिकामी टोपली मांडीवर घेतली आणि मागच्या सीटवर बसले. गाडी जाईल तुमची, मी म्हटलं.

"तांडेल कधी होडीच्या नाकावर बसलेला बघितलायस काय गो? तो मागेच बसतो. चल, हाण."

फेरी झाली. गाडी एकदाही बंद पडली नाही.

आता रोज सकाळी मी त्यांना जेटीवर सोडते आणि लॅबमध्ये वेळेवर पोचते. गाडी आपणच चालवतो, असं ते जेटीवर सांगतात. ते अगदीच खोटं नाही. वळण आलं की ते माझा खांदा दाबतात. डावा दाबला की मी उजवीकडे वळते.