व्हर्लनची खुर्ची

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा व्हर्लन स्टकीच्या हातात दोन एक्के होते, असं पोकरचा अड्डा चालवणारा हब प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. खरं-खोटं व्हर्लनच्या बायकोला, ओलीटाला, माहीत नव्हतं. आपला नवरा शनिवारी दुपारी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या खोलीत पोकर खेळायला जातो, एवढंच तिला लग्नापासून ठाऊक होतं.

व्हर्लन दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीवर घरी आला. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. पहिल्याच शनिवारी जेवण झाल्यावर त्याने डाव्या हाताने खुंटीवरच्या टोपीकडे बोट दाखवलं, आणि तिने ती त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला गाडीत घालेपर्यंत ते बोट खाली आलं नाही.

त्याला खेळता येईना. लाल-काळं कळायचं, राजा-राणी कळायची, पण बोली किती लागली आहे हे डोक्यात टिकत नव्हतं. पैशांऐवजी लावायच्या चकत्या पुढे सरकवायचा आणि तशाच मागे ओढायचा. त्या टेबलावर नुसतं बसायला कुणाला जागा मिळत नसे. जो खेळतो त्याची खुर्ची. शिवाय ग्रेडी नावाचा औषधवाला कॉफीच्या भांड्याजवळ स्टुलावर बसून वर्षभर जागेची वाट पाहत होता. शेवटी हबने तोडगा काढला. ओलीटाने नवऱ्याच्या खुर्चीत बसून खेळावं, व्हर्लनने मागे बसून पानं बघावीत. मात्र एका खुर्चीचा खेळाडू एकच, त्यामुळे व्हर्लनने खूण करायची नाही. आणि पत्त्यांच्या हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, फॅक्टरीत कापूस यायला लागण्याआधी, नेहमीचाच नियम लागू: शेवटी सगळ्यांनी खायचा पिकॅन पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, टेबलावर येण्याआधी ज्याच्या चकत्या संपतील, त्याची खुर्ची ग्रेडीची.

ओलीटाला शिकवायचं काम रॉयस टीगने अंगावर घेतलं. व्हर्लनचा शाळेपासूनचा मित्र, तोंडात कायम दात कोरायची काडी. दुपारी येऊन तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते वाटायचा. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मध्ये पाच उघडी, सगळ्यांची मिळून. पहिला धडा टाकून देण्याचा होता. दहांतले आठ हात, म्हणजे हाती आलेली पानं, खेळायच्या लायकीचे नसतात, ते रडगाणं न गाता टाकायचे. दुसरा धडा बसण्याच्या जागेचा. जो शेवटी बोली बोलतो त्याला बाकीच्यांनी काय केलं ते दिसतं, म्हणून त्याने जरा हलक्या पानांवर खेळलं तरी चालतं. आधी बोलणाऱ्याने नाही. एका रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी किलवर अशी, पाच पानं जमली तर मोठा हात, पण चार जमली म्हणून पाचव्याच्या मागे सगळं घेऊन धावायचं नाही.

“आणि हे बघ,” तो एकदा म्हणाला, “मध्ये ढीग मोठा झालाय आणि पुढची पानं बघायला तुला चिमूटभर घालायचंय, तर फालतू पानांवरसुद्धा बघायचं. तिथे पानं टाकणारा एक तर झोपलेला असतो, नाही तर गाढव.”

ती मन लावून शिकली. बोहारणीसारखं घासाघीस करत खेळतेस, असं हब म्हणायचा, आणि ते कौतुकच होतं. तरी ती हरत होती. चांगली पानं आली की टेबलावरचे सगळे एकामागून एक हात टाकायचे, तिला दोन-चार चकत्या मिळायच्या. हलकी पानं आली आणि तिने धीर करून बोली वाढवली, की कुणीतरी शांतपणे तेवढ्याच चकत्या घालून ती बघायचं.

कारण रॉयसने स्वयंपाकघरातच सांगितलं, पत्ते पिसता पिसता, मान खाली घालून. “तुझा चेहरा चांगला आहे. त्याचा नाही.”

व्हर्लनच्या चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली होती, आणि डावीवर त्याचा ताबा उरला नव्हता. पूर्वी हाच माणूस दगडासारखा बसायचा म्हणे. आता राजा दिसला की तो उजळायचा, दुरी-तिरी दिसली की ओठ थरथरायचा. ओलीटाच्या खांद्यामागे तिची पानं सगळ्यांसमोर उघडी पडत होती, आणि ते फक्त तिलाच दिसत नव्हतं.

“त्याला खिडकीकडे तोंड करून बसव,” रॉयस म्हणाला. “मी हे सांगायला नको होतं. मीही त्या टेबलावर खेळतो.”

पुढच्या शनिवारी तिने तसं केलं. खिडकीतून कापसाची शेतं दिसत होती, बोंडं उकलायला लागली होती. तासभर ती शिकल्याप्रमाणे खेळली आणि पहिल्यांदा तिच्यासमोर चकत्यांचा थर जमला. मागून ठकठक ऐकू येत होती. व्हर्लन डाव्या मुठीने चाकावर मारत होता, जोरात नाही, पण थांबतही नव्हता. तिने उठून त्याला परत आपल्या मागे आणलं. घरी जाईपर्यंत तो थर संपला होता.

त्याच्यासाठी खुर्ची राखायची तर त्याला पानं दाखवायची नाहीत, आणि पानं दाखवायची नाहीत तर खुर्ची कुणासाठी राखायची? तिने रॉयसला हे विचारलं. त्याने तोंडातली काडी बदलली आणि पत्ते वाटले.

शेवटच्या शनिवारी तिने त्याला मागेच बसवलं. कोपऱ्यात हबच्या बायकोने पाठवलेला पिकॅन पाय कापडाखाली झाकलेला होता. ग्रेडी स्वच्छ शर्ट घालून आला होता. चकत्या कमी कमी होत गेल्या, आणि मग तिला बदामची दोन पानं आली. मध्ये आणखी दोन बदाम पडले. इथे थांबायचं हे तिला ठाऊक होतं. तिला रॉयसचा आवाजसुद्धा ऐकू आला. पण मागे व्हर्लनचा श्वास वेगात चालला होता, आणि त्या श्वासाखातर तिने बोली बघितली, पुन्हा बघितली. इतरांनी पानं टाकली, ढीग वाढला. उरले रॉयस आणि ती.

पाचवं पान किलवरची तिरी.

तिच्या हातात काहीच नव्हतं. समोर मूठभर चकत्या होत्या. त्या तिने मध्ये सरकवल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तिने मागे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. समोरच्या सगळ्यांच्या नजरा तिच्या खांद्यावरून पलीकडे गेल्या आणि खाली वळल्या.

रॉयस व्हर्लनकडे बघत होता. मग त्याने ढिगाकडे बघितलं. मध्ये दुपारभराचा ढीग होता आणि त्याला मूठभर घालायचं होतं.

“नाही जमत,” तो म्हणाला, आणि पानं पालथी टाकली.

हबने घसा साफ केला. “ओढ, बाईसाहेब. तुझं आहे.” मग तो घाईघाईने पायवरचं कापड काढायला उठला. एरवी पायची वेळ तोच लांबवायचा. ग्रेडी स्टुलावरून अर्धा उठला होता, तो परत बसला.

ओलीटाने दोन्ही हातांनी चकत्या ओढल्या. झोपलेला नाही तर गाढव. रॉयस दोन्ही नव्हता. हे तिला उन्हाळ्याआधी कळलं नसतं, आणि तेव्हा आपण खरंच जिंकलो असं समजून ती आनंदाने रडली असती.

ती वळली. व्हर्लन चकत्यांकडे बघत नव्हता. आकडे त्याच्या डोक्यातून गेले होते, माणसं गेली नव्हती. तो रॉयसकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा, ज्याला काहीच लपवता येत नव्हतं, आता पूर्ण कोरा होता.

“पुढच्या हंगामात भेटू,” रॉयस ताटलीत बघत म्हणाला. “दोघं या.”

“येऊ,” ती म्हणाली.

व्हर्लनने डावा हात चाकावर ठेवून ढकललं. एका हाताने ती खुर्ची पुढे जात नसे, जागच्या जागी फिरायची. तो ढकलत राहिला, टेबलाकडे पाठ होऊन खिडकी समोर येईपर्यंत.