लांडगीचा वाटा

लांडगीनं पहिली मेंढी धरली तेव्हा दिवस नुकता कासराभर वर आला होता. नर लांडग्यानं कुत्र्याला हुलकावणी देत ओढ्याकडं नेलं आणि मागच्या घाणेरीच्या झुडपांतून ही आली. गळा धरला, एक हिसका दिला. बकरी ओरडते, मेंढी मुकी मरते. तिच्या खुरांनी मातीत चार रेघा ओढल्या, आणि मग रेघाही थांबल्या.

सुग्रीवच्या हातात कुऱ्हाड होती, पण त्यानं ती उचलली नाही. बाकीची मेंढरं हाकारून पुढं काढली आणि मेलेलीकडं पाठ फिरवली. त्याच्या बापानंही हेच केलं असतं. लांडगीनं धरलं ते लांडगीचं. तिचं पोट भरलं की आठ दिवस ती फिरकत नाही. तिच्या तोंडचं काढून घेतलं तर दुसऱ्या दिवशी भुकेली येते आणि दुसरी धरते.

"आचळं बघितली का तिची?" चतुराबाई नवऱ्याला म्हणाली. "लोंबाय लागल्यात. चार-पाच पिल्लं तरी असत्याल."

"मग काय, बारशाला जावं म्हन्ती का?"

जात्यावर सासूकडून उचललेली ओवी तिनं ओठातल्या ओठात म्हटली.

उन्हाचं झालं गवत, गवताची झाली लोकर,
लांडगीच्या दारी बाई, तिचीबी हाय भाकर.

केजच्या वरल्या अंगाला विजयसिंहाच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. कापूस निघाला होता, रान उघडं पडलं होतं. दिवसा मेंढरांनी माळावर चरायचं आणि रात्री जाळीच्या वाघरीत बसून त्या रानात लेंड्या टाकायच्या. माळाचं गवत असं चालत चालत विजयसिंहाच्या कापसात जायचं. बदल्यात त्याच्या विहिरीचं पाणी. यंदा मात्र निम्म्या माळाला तारेचं कुंपण पडलं होतं, आत सौर पट्ट्या उभ्या होत्या. ऊन काचेवर पडायचं आणि तारेतून निघून जायचं. हरणं कुठं गेली कळलं नाही, सशांची बिळं बुजली. लांडगीला उरली ती मेंढरं.

लांडगी अजून पहिला लचका तोडत होती तेवढ्यात मोटारसायकल आली. विजयसिंहाचा माणूस, बंकट. त्यानं दगड भिरकावून लांडगीला हुसकावलं, मेंढीचे पाय धरून तिला टाकीवर आडवी घेतली.

"बंकटभाऊ, ठिवा ती," सुग्रीव म्हणाला. "लांडगीची हाय."

"लांडगीची? सातबारा हाय का तिच्या नावावर?" बंकटनं गळ्याची भोकं बोटानं चाचपली. "नुस्त्या मानंलाच लागलंय. विजयसिंहदादांकडं पुढारी जेवायला हायेत. कापून आनली म्हनलं की झालं."

दुसऱ्या दिवशी लांडगी आणखी लवकर आली. या खेपेला गाभण मेंढी. बंकट बाभळीखाली पोतं घेऊन आधीच बसला होता. सोबत नाथा नावाचा ट्रॅक्टरवाला.

"बघ बे नाथा," तो म्हणाला, "बिनपगारी खाटीक ठिवलाय आपन."

सुग्रीव त्यांना आडवा आला. बंकटनं त्याच्या बरगडीत काठी घातली. तो वाकला तेव्हा पाठीत घातली. खाली पडल्यावर नाथानं लाथ मारली, फारसा राग नसताना, दार लोटावं तशी. सुग्रीवच्या तोंडातून रक्ताची लाळ मातीत लोंबली.

"लई बोलला तर हिरीची मोटार बंद करीन," बंकट म्हणाला. "संध्याकाळपतूर मेंढरांच्या जिभा भाईर येत्याल. मग जा माजलगावच्या धरनाला." मेंढी पोत्यात घालून दोघं गेले.

धरणाचं पाणी दोन दिवसांच्या वाटेवर होतं आणि वाघरीत तीस कोकरं होती, चार-पाच दिवसांची. त्यांच्या पायांत बळ यायला अजून आठ दिवस हवे होते. लांडगी एकदा पोटभर जेवली असती तर तेवढेच आठ दिवस मिळाले असते. नाहीतर रोज एक. चतुराबाईनं नवऱ्याच्या बरगडीवर हळदीचा लेप थापला आणि कुऱ्हाडीला धार लावली.

तिसऱ्या दिवशी लांडगीनं काजळी धरली.

काजळी डोळ्यांभोवती काळी होती. जन्मताच तिची आई मेली, म्हणून चतुराबाईनं तिला बोटानं दूध चाटवून, भाकरीचा चुरा भरवून वाढवलं. तिच्या गळ्यातली घंटा वाजली की सगळा कळप मागं चालायचा. लांडगीच्या दातांत ती घंटा दोनदा वाजली. लांडगी हाडकली होती, कातडीखाली बरगड्या हलत होत्या.

बाभळीखालून दोघं उठले. लांडगी बांधापर्यंत मागं सरकली. पण त्यांच्या आधी चतुराबाई पोहोचली.

"मावशे, सरक," बंकट म्हणाला.

तिनं काजळीच्या पोटावर कुऱ्हाड घातली. कोथळा फुटला. सकाळी खाल्लेलं गवत, हिरवं, वाफाळतं, तिच्या पायांवर सांडलं. तिनं दोन्ही हात आत घालून आतडी ओढली, पिळली, त्यातल्या लेंड्या मांसात कोंबल्या, वर माती रगडली. जिच्या तोंडात बोट दिलं होतं तिच्याच बरगड्या तिनं कुऱ्हाडीनं उकलल्या आणि त्यात घाण भरली. ही घाण माणसाला चालत नाही, लांडगीला चालते.

"येडी झाली काय रांडं?" बंकटनं तिच्या तोंडावर लाथ मारली. ओठ फाटला. ती पुन्हा गुडघ्यावर आली. बंकटनं मागचा पाय धरून काजळीला ओढायला सुरुवात केली, आणि कुऱ्हाड खाली आली.

तो धडपडत मागं गेला. हातात नुसता पाय होता, खुरासकट. तो आपली बोटं मोजत राहिला. पाची होती.

"तेवढा ने दादांना," चतुराबाई रक्त थुंकून म्हणाली.

"मोटार बंद करतो. बघ आता."

"कर. मंग मी बंगल्यावर येती. इचारती, पुढाऱ्यांना लांडगीचं उष्टं कसं लागलं म्हनून. दोन दिस तेच खाल्लंय त्यांनी."

नाथानं बंकटकडं पाहिलं. बंकटनं पाय फेकून दिला. चांगल्या दहा पावलांवर जाऊन एक शिवी दिली, मग मोटारसायकल सुरू झाली.

चतुराबाईनं घंटा सोडून घेतली आणि नवऱ्याला खांद्याचा आधार देत मेंढरं लांब नेली. वळून पाहिलं तेव्हा लांडगी तोंड कानापर्यंत आत घालून खात होती. तिचं पोट फुगत फुगत जमिनीला टेकायला आलं. मग ती जड पावलांनी कुंपणाकडं गेली, तारेखालच्या खड्ड्यातून आत सरपटली. तिथं पट्ट्यांच्या सावलीत पिल्लांनी तिचं तोंड चाटलं असणार, आणि तिनं पोटातलं त्यांच्यापुढं ओकलं असणार. काजळीचा राहिलेला भाग कावळ्यांनी नेला, मग मुंग्यांनी.

आठ दिवस विहिरीची मोटार चालू राहिली. आठ दिवस लांडगी आली नाही.

नवव्या दिवशी सकाळी वाघर गुंडाळली. कोकरं उड्या मारत होती. पण कळप हलेना. काजळी पडली होती त्या काळपट जागी मेंढरं पुन्हा पुन्हा जमा व्हायची, माती हुंगायची, तिथंच उभी राहायची. सुग्रीवनं हाका मारल्या, बरगडी धरून खाली बसला.

चतुराबाईनं कनवटीची घंटा काढली, आपल्या कमरेला बांधली आणि माजलगावच्या दिशेनं चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही. पंधरा-वीस पावलांनंतर मागून खुरांचा आवाज आला.