नखाखालचे हिरवे

माघाचे ऊन फिकट होते, राखेसारखे, दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या हसण्यासारखे. आणि त्या उन्हात एक पत्र आले होते. त्याला उत्तर गेले नाही. फाल्गुन लागला, ऊन तांबूस झाले, तरी गेले नाही.

पत्र शर्वरी ढोबळेचे, कस्तुरे सरांना आलेले. शहरातल्या हिरव्या जागा शहराला काय देतात, याचा अभ्यास करणारी ही मुलगी गेल्या वैशाखात नाल्याकाठच्या पांगाऱ्यांखाली तापमापक घेऊन बसत असे. बाहेर डांबर वितळत होते. आत, त्या शीतल पर्णमंडपात, खडी फोडणाऱ्या बाया लेकरांना निजवत होत्या.

"सर," तिने लिहिले होते, "रस्तारुंदीसाठी महापालिकेनं दोन्ही काठांचे पांगारे 'वाळलेले' ठरवले आहेत. पानगळीत पाहणी केली त्यांनी! माझ्या शब्दाला कोण विचारतं? झाडं जिवंत आहेत, एवढं तुमच्या सहीनं लिहून द्या."

वासुदेव कस्तुरे यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि जन्मभर स्वतःवरच शंका घेतली. ते नाल्यावर गेले. निष्पर्ण, काटेरी, करड्या झाडांपुढे संकोचून उभे राहिले. अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत हिरवे दिसले, जिवंतपणाची खूण.

पण मोतीबिंदूचे डोळे! ते खरेच हिरवे, की हिरव्याची नुसती आस? फूल येऊ दे, मग लिहू, असे त्यांनी ठरवले. झाडापेक्षा स्वतःच्या नजरेलाच त्यांनी अधिक वाळलेले मानले.

फुलाआधी करवत आली.

अलीकडचा काठ आडवा होत गेला. भुसा उडत होता. ओला भुसा, त्यांच्या चष्म्यावर, ओठांवर, ओठांतल्या न फुटलेल्या शब्दावर.

"बाजूले व्हा न मास्तर," करवतवाला हसला. "मेलेलं झाड हाय. त्याले कायचं दुखते?"

मेलेल्या लाकडाचा भुसा ओला नसतो. त्यांना ठाऊक होते. ठाऊक होते, आणि ते बाजूला झाले.

मग ते घडले. ओंडके अजून उचलले नव्हते, आणि ओंडके फुलले. मुळाविना, मातीविना, आडव्या पडल्या देहांवर रक्तवर्ण, ज्वालावर्ण फुले. उंचावर बसून मध पिणाऱ्या साळुंक्या जमिनीवर उतरल्या. धूळ आणि मध एकाच चोचीत.

रणरणत्या काठावर एक खडी फोडणारी बाई पदराची सावली लेकरावर धरून उभी होती. "मास्तर, आता याले कुठी निजवू?"

कस्तुरे पूल ओलांडून गेले. पलीकडचे पांगारे अजून उघडे, मौन, कळ्या मिटलेले. खोडाखोडावर चुन्याची फुली. आठवड्याने करवत इकडे येणार होती. त्यांनी फूल शोधले नाही. चष्मा पुसला नाही. साल खरवडली, पाहिले, आणि तिथेच, खोडावर कागद टेकवून शर्वरीला लिहिले:

"हा काठ जिवंत आहे. तोही होता. मी पाहिले होते."

खाली सही. नाक्यावरच्या तांबड्या पेटीत पत्र पडले, पानासारखे, आवाज न करता. हात मात्र पेटीच्या तोंडाशीच राहिला; करडा, सुरकुतलेला हात. वरची साल जुनी, वाळलेली. आणि नखाखाली ओले, ओले हिरवे.