बसून बसून गोठलेलं

‘ओढ की गं खुंटा! हात हायत का काड्या?’ — आत्याचा, सासूचा तो आवाज, नव्या नवरीच्या पहिल्या पहाटेचा... आणि आता छातीवर टेकलेला हा जिन्नस, जात्याच्या खुंट्याएवढाच, पण थंडगार, चिकट मलमात भिजलेला. डॉक्टरीणबाई तो बरगड्यांवरून हळूहळू फिरवत होत्या, आणि इस्पितळाच्या खाटेशी ढकलत आणलेल्या, मुंबईहून आलेल्या यंत्राच्या काचेवर राखाडी काहीतरी उघडत होतं, मिटत होतं.

हेच का माझं काळीज? राजाबाई बघत राहिली.

दळताना पहिली ओळ ती कशीबशी ओढून न्यायची — दळण सरंना, पाळीला पीठ दाट — आणि दुसरीला दम तुटायचा. बंधवाच्या माझ्या... बस्स, तिथंच. भावाची ओवी अर्ध्यात सोडू नये, त्याच्या वाटेला आडवं येतं; म्हणून सासू, मायाक्का आत्या, ती पुरी करायची — मेंढरांनी भरली वाट — आणि वर म्हणायची, ‘माहेरानं आळस दिलाय हिला आंदण!’ बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना राजाबाई मटकन बसली तेव्हाही बाया हसल्या होत्या, आणि ते हसणं हळूहळू तिच्याही अंगात मुरलं... असंल. आळशीच असू आपण.

‘ही बघा गाठ,’ डॉक्टरीणबाईंनी काचेवर बोट ठेवलं. ‘लहानपणी सांधे धरून ताप आला होता ना? त्यानं झडप आवळलीय. रक्त पुढं सरकत नाही, वरच्या कप्प्यात थबकतं, आणि थबकलं की गोठतं. ही सुटली तर थेट मेंदूत जाईल. अजिबात उठायचं नाही.’

उठायचं नाही! जन्मभर ऊठ-ऊठ ऐकलेल्या कानांना हे... तिला हसू आलं, लिंबोळी चावल्यासारखं कडू. मरणाची भीती मागाहून येईल. आधी काचेवरचा तो डाग साक्षीला आला होता. तिनं उशाशी बसलेल्या आत्याकडं पाहिलं — आता तरी पटंल हिला.

मायाक्कानं डोळे बारीक करून काच न्याहाळली.

‘मी काय म्हनत हुते? विरजलेलं दूध हलवलं न्हाय की घट्ट हुतंय. बसून बसून रगात गोठलं हिचं!’

शेजारच्या खाटेवरची काशम्मा फिसकन हसली. डॉक्टरीणबाई यंत्र ढकलत पुढच्या खाटेकडं निघाल्याही होत्या. काच विझली, साक्ष गेली. बाहेर गिरणीचा भोंगा झाला. मी मेले तर ही हेच घेऊन गावी जाईल, माळावर, विहिरीवर, दळायला बसलेल्या बायांत — बसून बसून मेली म्हणेल — आणि तेच माझं नाव होऊन राहील... छातीत काहीतरी फडफडलं. गाठ असेल. असू दे.

तिनं पडल्यापडल्याच हात लांबवून सासूचा पदर धरला.

‘आत्या... दम पुरत नव्हता मला. पैल्या दिसापासनं. आळस नव्हता ओ त्यो.’