न दिलेली कबुली

मला लॉन्ड्रीत सगळे इस्त्री म्हणतात, कारण मला तापायला वेळ लागत नाही. रुग्णालयाच्या या लॉन्ड्रीत मी तीस वर्षं काढली. हंगामी म्हणून लागले आणि हंगामीच राहिले. एवढा लांब हंगाम देवानंही कुठे केला नसेल. यंदा एकदाची यादी लागली. अकरा जणींना कायम करणार, आणि त्यात माझं नाव पहिलं. निवृत्तीला सात वर्षं उरलेली, म्हणजे म्हातारपणी पेन्शन. दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी आस्थापना विभागातल्या साहेबानं बोलावलं. माणूस तसा वाईट नाही, पण बोलताना समोरच्याकडे बघायचं सोडून कागदाकडे बघतो.

"पोलीस पडताळणीचा अहवाल आलाय," तो म्हणाला. "तुमच्या नावावर सत्तावीस वर्षांपूर्वीचा गुन्हा आहे. रुग्णालयाच्या कामात अडथळा. कोर्टात गुन्हा कबूल, दंड, सुटका."

"अटक झाली होती, ते खरं. पण कबूल कुणी केला?"

"तुम्हीच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबानं घाईघाईनं एक छापील नमुना पुढे सरकवला. "एवढं मनावर घेऊ नका हो. 'मी गुन्हा कबूल केला होता, मला त्याचा पश्चात्ताप आहे.' खाली सही करा, वरचे लोक माफ करतात. महिनाअखेरपर्यंत आणून द्या म्हणजे झालं."

मी तो कागद घेतला, घडी घातली आणि सही न करता बाहेर पडले.

झालं होतं ते असं. त्या काळी वॉर्डातून येणाऱ्या चादरींत वापरलेल्या सुया असायच्या, आणि आम्ही त्या चादरी उघड्या हातांनी झटकायचो. आमच्यातल्या एकीला सुई टोचली, कावीळ झाली आणि ती गेली. तिच्या दिवसांनंतर आम्ही बावीस जणी लॉन्ड्रीच्या दारात बसलो. हातमोजे द्या, मग धुतो, एवढंच म्हणणं. रुग्णालयानं पोलिसांची गाडी बोलावली. तुरुंगात पाचव्या दिवशी संघटनेचा पुढारी भेटायला आला. "उद्या सगळ्यांनी गुन्हा कबूल करा. दंड आम्ही भरतो. संध्याकाळी घरी." बाकीच्यांची लेकरं घरी रडत होती, त्यांना मी आजही नावं ठेवत नाही. पण मी म्हटलं, माझ्यानं नाही होणार. पहाटे मला सणकून ताप भरला आणि मी तुरुंगाच्या दवाखान्यात जाऊन पडले. चार दिवसांनी ताप उतरला, तेव्हा 'सुटलीस, जा' म्हणून मला फाटकाबाहेर काढलं. मला वाटलं, कोर्टाला आपलं म्हणणं पटलं. चोवीस वर्षांच्या पोरीला कायदा तो किती कळणार! तेव्हापासून लेकाला, मग सुनेला मी ही गोष्ट ताठ मानेनं सांगत आले होते.

आमच्या ह्यांनी नमुना चष्मा लावून दोनदा वाचला. रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेला माणूस. सिग्नल लाल दिसला की थांबायचं नाही हे ह्यांना कळतं, पण सरकारी कागद दिसला की पाय आपोआप ब्रेकवर.

"अगं, सही करून टाक. एका कागदानं काय होतं?"

"अहो, एका कागदानंच झालंय ना सगळं!"

सोमवारी मी रजा टाकली आणि पोलीस ठाणं गाठलं. हवालदाराला माझं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "नावावरून काही सापडत नाही. अटकेची तारीख सांगा." तारीख मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगली पाठ. त्यानं अटकेची जुनी वही काढली, आमची बावीस नावं दाखवली आणि एक नंबर लिहून दिला. तो घेऊन कोर्टाच्या खिडकीवर गेले. तिथला माणूस म्हणतो, "हा ठाण्याचा नंबर. आमच्याकडे खटल्याला दुसरा नंबर पडतो." पुन्हा ठाण्यात. कोर्टाचा नंबर त्याच वहीत, त्याच ओळीत, शेवटच्या रकान्यात होता! "तुम्ही विचारलाच नाही," हवालदार म्हणाला. मी त्याला जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशी माझी शाळा सुरू झाली. ठाण्याला तारीख लागते, कोर्टाला खटल्याचा नंबर लागतो, तुरुंगाला आत घेतल्याचा दिवस लागतो. माणूस तिन्हीकडे एकच, पण त्याच्या नावाला तिन्हीकडे विचारत नाहीत.

कोर्टाची रेकॉर्ड रूम तळघरात. तिथला कारकून नाकाला रुमाल बांधून बसलेला, शिंकून शिंकून डोळे लाल. गठ्ठे बांधलेली फडकी मी बघितली आणि माझ्यातली लॉन्ड्रीवाली कळवळली. ती एकदाही पाण्यात गेली नसावीत. "तुमची फाइल दहा वर्षांनी नष्ट केली," तो म्हणाला. "पण निकालांची नोंदवही कधी नष्ट करत नाहीत. थांबा."

त्यानं ती माझ्यासमोर उघडली. पहिल्या नावापुढे लिहिलं होतं, 'हजर. गुन्हा कबूल.' त्याखाली एकवीस ओळींत नुसत्या दोन दोन रेघा, म्हणजे वरच्यासारखंच. सतरावं नाव माझं. कुणा कारकुनाला जेवायला जायची घाई असेल. वरपासून खालपर्यंत हात न उचलता ओढत गेला, आणि त्या दोन रेघांत मी हजरही झाले, कबूलही झाले. मला तिथल्या तिथे रडू आलं. रागाचंच होतं ते, पण रडूच.

"भाऊ, मी त्या दिवशी कोर्टात नव्हतेच."

त्यानं रुमाल खाली केला. "मग तुरुंगाच्या फाटकावरची वही बघा. कोर्टात किती कैदी गेले, किती परत आले, हे तिथे मोजून लिहितात. कैदी कमी भरला तर त्यांची नोकरी जाते. ते रेघा ओढत नाहीत."

तुरुंगाचा दिंडी दरवाजा अजून तेवढाच बुटका. तेव्हा मान खाली घालून गेले होते. आता गुडघे दुखतात म्हणून शिव्या घालत वाकले. जेलरबाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "लोक इथली नोंद पुसायला बघतात. तुम्हाला ती कशाला हवी?"

"मी इथे होते हे सिद्ध करायचंय."

त्या पहिल्यांदाच हसल्या. मग तीन दिवस मला हेलपाटे घालायला लावले, पण चौथ्या दिवशी सहीशिक्क्याची नक्कल हातात दिली. 'न्यायालयात रवाना स्त्री कैदी २१. एक आजारी, दवाखान्यात.' पुढे माझा कैदी नंबर. ते वाचताना मला इतका आनंद झाला, की कायम करायच्या यादीनंही झाला नव्हता.

नक्कल घेऊन मी रेकॉर्ड रूममध्ये धावले. कारकुनानं ती वाचली.

"ताई, एक सांगू? हे कोर्टापुढे ठेवलंत तर कबुली जाईल. पण कबुली गेली की निकाल गेला. आणि निकाल गेला की तुमचा खटला अजून चालू. सत्तावीस वर्षं प्रलंबित. असा माणूस कायम होत नाही."

असला न्याय! खोटं मान्य केलं तर पेन्शन, खरं सिद्ध केलं तर आरोपी. त्या आठवड्यात मी घरातले धुतलेले कपडेही पुन्हा धुवून काढले. ह्यांनी नमुना टेबलावर काढून ठेवला होता, त्यावर पेनही. मी येता-जाता दोन्हींकडे बघत होते. सात वर्षांनी हात चालेनासे होतील, तेव्हा काय खाणार, हेही मला दिसत होतं. मी काही अगदीच खुळी नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी अर्ज घेऊन कोर्टात उभी राहिले. ह्यांना येऊ नका म्हटलं होतं, तरी मागच्या बाकावर येऊन बसलेच. न्यायाधीशबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी निकालांच्या नोंदवहीची आणि तुरुंगाच्या वहीची, अशा दोन्ही नकला शेजारी ठेवून वाचल्या.

"चूक न्यायालयाची आहे, हे दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण ती दुरुस्त केली तर खटला पहिल्यापासून चालवावा लागेल. साक्षीदार सापडतील की नाही, किती दिवस लागतील, सांगता येत नाही. तुमची नोकरी कायम व्हायची आहे असं अर्जात लिहिलंय. ती अडेल. अर्ज मागे घ्यायचा असेल तर आत्ता घेऊ शकता. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

मी मागे वळून बघितलं. हे उठून उभे राहिले होते. मला वाटलं, आता 'घे मागे' म्हणतील. ह्यांनी घसा खाकरला आणि अख्ख्या कोर्टासमोर म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? बोल की!"

"चालवा," मी म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं. मग शिरस्तेदारानं उभं राहून आरोप वाचला, माझं पूर्ण नाव घेऊन, तारीख, वेळ, जागा सगळं. वाचून झाल्यावर न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"नाही," मी म्हणाले.